आवृत्ती राखणारे हात : नेवाशाची पोथी आणि ट्विस्टेडची वीस वर्षं



आजचा विषय कळल्यावर काहींनी विचारलं, की सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. हे पायथन मध्येच कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. मी तुम्हाला प्रोग्रॅम लिहायला शिकवणार नाही. मी एक इतिहास सांगणार आहे. वीस-बावीस वर्षं अनेक हातांनी राखलेल्या एका सॉफ्टवेअरचा इतिहास. त्याच्या आडून जो प्रश्न येतो तो मात्र आमच्या शास्त्राचा फार जुना प्रश्न आहे: सतत बदलणारी वस्तू तीच कशी राहते? आणि ती तीच राहावी म्हणून कोणाला काय करावं लागतं? मध्ये एकदा आपल्या नेवाशाला जाऊन येऊ, कारण तिथल्या एका पोथीशिवाय मला हा विषय नीट सांगता येणार नाही.

प्लुटार्कने सांगितलेली थीसिअसच्या जहाजाची गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, तिथे नवी बसवायची. मग तत्त्वज्ञ वाद घालू लागले, की हे तेच जहाज का दुसरं? आपल्याकडे मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला रथाविषयी असंच विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? वर्गात हे प्रश्न मी वर्षानुवर्षं शिकवले. पण बघा, दोन्हीकडे एक गोष्ट कोणी विचारत नाही. फळ्या बदलणारा सुतार कोण होता? आज कोणती फळी काढायची आणि कोणती अजून दोन वर्षं चालेल, हे तो कसं ठरवायचा?

नगरकरांना याचं घरचं उदाहरण आहे. निजामशाहीत शहराला पाणी यायचं ते बाहेरून, जमिनीखालच्या खापरी नळांनी. कापूरवाडीचा नळ त्यांपैकीच. नळ बांधवणाऱ्यांची नावं इतिहासात येतात. पण नळात शिरलेल्या मुळ्या काढणारा, फुटलेलं खापर बदलणारा, सांधा पुन्हा भरणारा, याचं नाव कुठे सापडतं? त्याचं काम थांबलं की नळ आटतो, मग बांधणारा कितीही मोठा असो. आता ज्या नळाबद्दल बोलायचंय त्यातून पाण्याऐवजी संदेश वाहतात.

त्याचं नाव ट्विस्टेड. पायथन या भाषेत लिहिलेलं हे नेटवर्किंगचं फ्रेमवर्क आहे. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा. दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायचं तर हाक कशी मारायची, उत्तराची वाट कशी बघायची, मध्येच जोडणी तुटली तर काय करायचं, हे सगळं प्रत्येकाने नव्याने लिहू नये म्हणून कोणीतरी एकदाच नीट लिहून ठेवलेलं असतं. बाकीचे त्यावर आपलं घर बांधतात. वेबसाइटवरची माहिती गोळा करणारं स्क्रेपी, प्रोग्रॅमची बांधणी आणि चाचणी आपोआप करणारं बिल्डबॉट, मॅट्रिक्स या संदेशप्रणालीचा सिनॅप्स नावाचा सर्व्हर, ही सगळी घरं ट्विस्टेडवर उभी आहेत.

त्याचा जन्म मात्र एका खेळातून झाला. २००० साली ग्लिफ लेफकोविट्झ हा तरुण ट्विस्टेड रिअ‍ॅलिटी नावाचा, पुष्कळांनी मिळून खेळायचा, शब्दांतून चालणारा खेळ लिहीत होता. जावा भाषेत. प्रत्येक खेळाडूच्या जोडणीमागे तीन थ्रेड: एक ऐकायला, एक बोलायला, एक विचार करायला. हॉटेलात एकेका टेबलाला तीन-तीन वेटर ठेवले तर काय होईल? गर्दी वाढली की ते गिऱ्हाइकाला सोडून एकमेकांवरच आपटतील. तेच झालं. थ्रेड एकमेकांसाठी अडून बसू लागले. मग तो पायथनकडे वळला. तिथे एक सोय होती: अनेक जोडण्यांवर एकाच जागेवरून लक्ष ठेवायचं आणि जिच्यात काही आलं असेल तेवढीच हाताळायची. एकच चलाख वेटर, सगळ्या टेबलांवर नजर. ट्विस्टेडमध्ये या वेटरला रिअ‍ॅक्टर म्हणतात.

पण मग वाट कशी बघायची? इथे ट्विस्टेडची सर्वांत प्रसिद्ध कल्पना येते, डिफर्ड. पिठाची गिरणी आठवा. आपण डबा ठेवतो आणि म्हणतो, दळून झालं की हाक मारा, वीज गेली तर तसंही कळवा. आणि दुसऱ्या कामाला जातो. गिरणीच्या दारात कोणी तासभर उभं राहत नाही. डिफर्ड म्हणजे तो ठेवलेला डबा. पीठ अजून नाही, पण ते येईल किंवा का आलं नाही ते कळेल, एवढं नक्की ठरलेलं. याच घराण्यातल्या कल्पनेला जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस म्हणतात, म्हणजे वचन. हा शब्द लक्षात ठेवा.

इथपर्यंत जन्माची कथा झाली. जन्माच्या कथा सगळे सांगतात. माझा विषय पुढचा आहे.

२००५ मध्ये ट्विस्टेडची २.० आवृत्ती आली तेव्हा एका मोठ्या गाठोड्याचे तुकडे करण्यात आले: गाभा वेगळा, वेबचा भाग वेगळा, मेलचा वेगळा, अशी अनेक पॅकेजेस. विचार चांगला होता. ज्याला जेवढं लागेल त्याने तेवढंच घ्यावं. अनुभव असा आला, की तुकडे एकमेकांवर इतके अवलंबून होते की वेगळं ठेवण्याचं कष्ट जास्त आणि फायदा कमी. काही वर्षांनी ते पुन्हा एकत्र झाले. एकत्र कुटुंब वेगळं निघावं आणि चुली पुन्हा एक व्हाव्यात, तसं. २.५ नंतर २००८ मध्ये एकदम ८.० आली. मधल्या आवृत्त्या हरवल्या नव्हत्या. आकडा वर्षावरून घ्यायचा असं ठरलं. पुढे दुसरा आकडा महिन्याचा झाला. म्हणजे २०.३ ही मार्च २०२० ची. आवृत्तीच्या नावातच तिची जन्मतारीख.

आता एक महत्त्वाचा माणूस आणतो, जो मूळ लेखक नाही आणि वापरणाराही नाही. तो मधला. डेबियन ही १९९३ मध्ये इयन मर्डॉकने सुरू केलेली मुक्त कार्यप्रणाली. तिच्यात हजारो सॉफ्टवेअर पॅकेज करून दिलेली असतात आणि प्रत्येक पॅकेजला राखणारा असतो, एखादा माणूस किंवा एखादा गट. तो मूळ ग्रंथ आणतो, बांधून बघतो, चाचण्या चालवतो, याला आणखी काय काय लागतं त्याची नोंद करतो. मूळ लेखकाने जे डेबियनच्या घडणीत बसत नाही असं काही ठेवलं असेल तर त्यावर छोटं ठिगळ लावतो. आणि पुढच्या आवृत्तीत मूळ लेखकाने ते ठिगळ स्वीकारलं असेल तर आठवणीने काढूनही टाकतो. ठिगळ लावणं सोपं. कोणतं ठिगळ का लावलं होतं हे पाच वर्षांनी सांगता येणं अवघड.

गंमत अशी, की मूळ लेखक आणि हा मधला माणूस यांची घड्याळं वेगळी चालतात. ट्विस्टेडच्या आवृत्त्या काही महिन्यांनी येतात; डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी. २०१९ च्या बस्टरमध्ये ट्विस्टेड १८.९ होतं, २०२१ च्या बुल्सआयमध्ये २०.३, २०२३ च्या बुकवर्ममध्ये २२.४. स्थिर म्हणजे स्थिर: मध्ये नवीन आवृत्ती द्यायची नाही. मग मध्येच सुरक्षेचं छिद्र सापडलं तर? नव्या आवृत्तीतला नेमका तेवढाच दुरुस्तीचा भाग उचलायचा आणि जुन्या आवृत्तीत बसवायचा. बाकी काही हलवायचं नाही. सर्व्हर चालवणाऱ्याला सकाळी उठून सगळं बदललेलं दिसता कामा नये. जहाज प्रवाशांसकट समुद्रात आहे आणि सुताराने फळी बदलायची आहे, अशी ही अवस्था.

छिद्र म्हणजे कसलं, तेही सांगतो. २०.३ मध्ये एक दुरुस्ती होती. वेबवरचा संदेश किती लांब आहे हे संदेशातच लिहिलेलं असतं. कोणी मुद्दाम दोन वेगवेगळ्या लांब्या लिहिल्या तर? वाटेतला एक संगणक पहिली मानतो, पुढचा दुसरी. मग एका पाकिटात दुसरं पत्र लपवून आत नेता येतं, आणि दारावरच्या पहारेकऱ्याला ते दिसतच नाही. अशा ठिकाणी उदारपणे दोन्ही स्वीकारणं हा दोष ठरतो. अशी विनंती सरळ नाकारायला हवी. कायद्याच्या भाषेतली संदिग्धता जशी धूर्ताच्या कामी येते, तसंच हे.

आता २०१८ ची एक घटना. ती मला फार बोलकी वाटते. त्या जूनमध्ये पायथनची ३.७ आवृत्ती आली आणि तिने 'असिंक' हा शब्द भाषेसाठी राखून ठेवला. म्हणजे यापुढे कोणीही आपल्या एखाद्या घटकाला ते नाव द्यायचं नाही. ट्विस्टेडच्या एका कोपऱ्यात, चालू प्रोग्रॅमच्या आत शिरून बघण्याच्या एका साधनात, ते नाव आधीपासून होतं. झालं! नव्या पायथनला ती फाइल वाचताच येईना. आणि त्या फाइलवर अवलंबून असलेलं स्क्रेपीही नव्या पायथनवर अडलं. वास्तविक पायथनमध्ये ही असिंक पद्धतीची वाट रुळवणाऱ्यांत ट्विस्टेड अगदी पुढे होतं. २०१४ मध्ये पायथन ३.४ बरोबर असिंकआयओ ही अधिकृत सोय आली. भाषेचा कर्ता खिडो व्हान रॉसम याने स्वतः तिचा आराखडा लिहिला, आणि तिच्यातल्या प्रोटोकॉल, ट्रान्सपोर्ट या कल्पनांवर ट्विस्टेडची छाप उघड आहे. आपलं घर आधी होतं, रस्ता नंतर आखला गेला, आणि आपलाच ओटा रस्त्यात आला. ओट्याचा काही दोष नव्हता. तरी हलवावा लागला. जुलैच्या १८.७ आवृत्तीत ते नाव बदललं.

राखणाऱ्याचं पुष्कळसं काम असं असतं. आपण काही केलेलं नसतं. पायाखालची जमीन सरकते, आणि आपल्याला जागेवर राहण्यासाठी चालावं लागतं.

जमीन सर्वांत मोठी सरकली ती पायथन २ वरून ३ वर जाताना. ३.० आलं डिसेंबर २००८ मध्ये. त्यात अक्षर आणि बाइट यांत कडक भेद केला गेला. हा भेद इंग्रजी लिहिणाऱ्याला सहसा जाणवत नाही. रोमन लिपीत अहमदनगर लिहिलं तर दहा अक्षरं आणि दहा बाइट. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतलं 'नगर' तीन अक्षरांचं असून नऊ बाइट घेतं. 'अहिल्यानगर' मध्ये काना, वेलांटी, हलन्त धरून दहा चिन्हं होतात. म्हणजे तीस बाइट. नेटवर्कवरून धावतात ते बाइट, माणूस वाचतो ती अक्षरं. जुन्या पायथनमध्ये या दोघांची सरमिसळ चालून जायची. नव्यात प्रत्येक ठिकाणी सांगावं लागलं, की इथे बाइट आहे का मजकूर. ट्विस्टेडसारख्या, बाइटच्याच व्यापारात असलेल्या सॉफ्टवेअरला हे किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

डिसेंबर २०१२ च्या १२.३ आवृत्तीत पायथन ३ साठी सुरुवातीचा, अपुरा आधार आला. पायथन २ वर चालणारी शेवटची आवृत्ती मार्च २०२० ची २०.३. फेब्रुवारी २०२१ च्या २१.२ मध्ये जुना आधार संपला. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ एकच ग्रंथ दोन भाषांत एकदम बरोबर वाचता यावा अशी कसरत चालली. या स्थलांतरात अ‍ॅम्बर ब्राउन यांनी फार मोठा भार उचलला. अनेक आवृत्त्यांच्या प्रकाशनाचं कामही त्यांनीच पाहिलं. या सात वर्षांत वापरणाऱ्याला नवीन काय मिळालं? बहुतेकांना काहीच नाही. काल चालत होतं ते आजही चाललं. राखणाऱ्याचं यश असं असतं, ते न घडलेल्या अपघातांत मोजावं लागतं.

आणि त्यामागे नियम होते. ट्विस्टेडमध्ये कोणीही स्वतःचा बदल स्वतःच मंजूर करत नाही, दुसऱ्याने तपासायचा. एखादी जुनी सोय काढायची तर आधी इशारा द्यायचा, आणि लोकांना सावरायला किमान एक वर्ष आणि दोन आवृत्त्या जाऊ द्यायच्या. कोण वापरतंय हे माहीत नाही. कदाचित कोणीच नाही. तरी वाट बघायची. मघाशी वचन हा शब्द लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. कधीही न भेटणाऱ्या माणसाला दिलेलं हे वचन आहे. कांट असता तर खूश झाला असता.

आता नेवाशाला जाऊ. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, तिथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. पुढे तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली गेली. कोणी ओळ चुकला, कोणी कठीण शब्दाच्या जागी सोपा घातला, कोणी भक्तीच्या भरात स्वतःची ओवी मिसळली. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रत शुद्ध केली. त्यांनी तीन गोष्टी केल्या. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठभेदांनी बिघडला, हे सांगितलं. दुरुस्तीचा काळ नोंदवला. आणि यापुढे यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी सक्त ताकीद दिली. तसं करणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी ठेवणं, असा त्यांचा आशय. स्वतः एवढा मोठा कवी. पण इथे कवी बाजूला आणि राखणदार पुढे. आधुनिक भाषेत सांगायचं तर एकनाथांनी ज्ञानेश्वरीची तारीखवार, अधिकृत आवृत्ती काढली.

पण एक गोष्ट आपल्या हाती लागली नाही: बदलांची यादी. एकनाथांसमोर कोणत्या प्रती होत्या, नेमका कुठला शब्द त्यांनी बदलला, का बदलला, हे नोंदलेलं नाही. म्हणून १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली तेव्हा वाद उभा राहिला, आणि मूळ पाठ कोणता हा प्रश्न अभ्यासकांनी पुढेही सोडला नाही. दोष एकनाथांचा नाही; त्या काळी ती रीतच नव्हती.

आज ती रीत आहे. ट्विस्टेडमध्ये प्रत्येक बदलाबरोबर एक छोटी चिठ्ठी लिहावी लागते: काय बदललं, वापरणाऱ्याला त्याचं काय. आवृत्ती निघताना या चिठ्ठ्या जोडून बातमीपत्र होतं. त्यासाठी याच परिवारात एक साधन तयार झालं, टाउनक्रायर. आता टाउनक्रायर म्हणजे कोण? दवंडी देणारा! गावात कोतवाल दवंडी पिटायचा तसा. ट्विस्टेडच्या बाहेरच्या अनेक प्रकल्पांनीही ते साधन उचललं. मला यात एक नैतिक तत्त्व दिसतं. बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याच्यावर दवंडीचं कर्तव्य आहे. कळवून केलेला बदल ही दुरुस्ती. न कळवता केलेला बदल, हेतू कितीही चांगला असो, पुढच्या पिढीसाठी कोडं होऊन बसतो.

आणि हेतू वाईट असेल तर? हे कल्पनेतलं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली आवळून लहान करणाऱ्या एका साध्या साधनात चोरवाट सापडली. ते साधन प्रामुख्याने एकच माणूस, फावल्या वेळात, वर्षानुवर्षं राखत होता. तो थकला होता. तसं त्याने लिहिलंही होतं. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षं मदत करून त्याचा विश्वास मिळवला, आणि प्रकाशनाचा अधिकार हाती आल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत विष घातलं. बारकाई बघा: चोरवाट जागी करणारा तुकडा सर्वांसमोरच्या मूळ भांडारात नव्हता, प्रकाशनासाठी बांधलेल्या गाठोड्यातच होता. म्हणजे मूळ ग्रंथ आणि वाटलेली प्रत यांच्यातल्या फटीत. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून ते उघडकीस आलं. डेबियनच्या चाचणीतल्या शाखांपर्यंत विष पोचलं होतं. स्थिर आवृत्ती वाचली. जी सावकाशी आपल्याला कधी कधी मागासलेपणा वाटते, तिनेच तिथे राखलं.

या घटनेतून मी जो निष्कर्ष काढतो तो तांत्रिक नाही. नळ फुटला तो खापर कच्चं होतं म्हणून नव्हे. राखणारा एकटा होता, थकला होता, आणि त्याची चौकशी करायला जो एकमेव माणूस आला तो चोर होता. जगभरच्या सर्व्हरांचा भार ज्या सांध्यावर होता, त्या सांध्याला किती हात लागले आहेत हे आपण कोणी मोजलंच नव्हतं. ट्विस्टेड टिकलं त्यात बुद्धीचा वाटा आहेच, पण मोठा वाटा याचा, की तिथे तपासणारा दुसरा माणूस असणं हा नियम होता. एकाचा कंटाळा, एकाची नजरचूक, एकाचा लोभ दुसऱ्याच्या नजरेखालून जायचा.

तर मग मूळ प्रश्नाचं उत्तर काय? ते जहाज तेच का? माझं उत्तर असं: फळ्या त्याच आहेत का, यावर ते ठरत नाही. पहिल्या दिवशी प्रवाशांना जे वचन दिलं ते आजही पाळलं जातंय का, आणि प्रत्येक बदललेल्या फळीची नोंद आहे का, यावर ठरतं. २००२ च्या ट्विस्टेडमधली किती ओळ आज शिल्लक असेल? फार थोडी. पण ठेवलेल्या डब्याचं पीठ मिळतं. म्हणून ते तेच.

शेवटी आपल्या जिल्ह्यापुरतं एक बोलतो. संगमनेर, लोणी, कोपरगाव, नगर, सगळीकडे आज अभियांत्रिकीची मुलं पायथन शिकतात. शेवटच्या वर्षी प्रत्येक गट नवा प्रकल्प करतो, परीक्षा झाली की तो कपाटात जातो, पुढच्या वर्षी पुन्हा नवा. जन्म देण्याला गुण आहेत, सांभाळण्याला नाहीत. प्राध्यापक मित्रांना माझी एवढीच विनंती आहे, की एखाद्या वर्षी एका गटाला सांगा: नवीन काही करू नका, मागच्या वर्षीच्या गटाचा प्रकल्प घ्या. तो समजून घ्या, आजच्या पायथनवर चालवा, काय बदललं त्याची दवंडी लिहा आणि पुढच्या गटाच्या हाती द्या. पाच वर्षं हे चाललं तर त्या मुलांना प्रोग्रॅमिंग तर येईलच, आणि दुसऱ्याचं लिखाण आदराने कसं हाताळायचं हेही येईल. ते शिकवायला आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना फार कष्ट पडतात.

इथे थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा.